देव न मानणारीचा शब्द

आजची गोष्ट गटाच्या रोखवहीपासून सुरू होते. तिथून ती विलायतेला जाते, सेवाग्रामला येते, दिल्लीला जाते आणि पुन्हा आपल्या वहीपाशी परतते. तेव्हा जरा सावकाश ऐका.

झालं असं, की आमच्या एका गटाच्या मासिक बैठकीत हिशेब जुळेना. वहीत शिल्लक जेवढी दिसत होती, त्यापेक्षा नऊशे रुपये कमी भरत होते. खजिनदार ताईंनी दोनदा मोजले, तिसऱ्यांदा आम्ही मोजले. नऊशे रुपये म्हणजे थोडी रक्कम नव्हे. ते कुणाच्या तरी तीन दिवसांच्या निंदणीचे पैसे असतात.

बायकांत कुजबुज सुरू झाली. मग एक मावशी म्हणाल्या, "वाद कशाला? देवीपुढं भंडारा उचला आणि मोकळ्या व्हा."

आपल्याकडची ही जुनी रीत. बेलभंडारा हातात घेऊन कुणी खोटं बोलत नाही, हे आपण आज्यांपासून ऐकत आलोय. पण खजिनदार ताई जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "मी देव मानत नाही, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. न मानता भंडारा उचलला, तर तेच खोटं होईल. तुम्ही वही तपासा."

बैठक गप्प झाली. मग मागून आवाज आला, "जिला देवाची भीती नाही, तिच्याकडं गटाची पेटी ठेवायची तरी कशी?"

खरं सांगायचं तर आमच्याही मनात पाल चुकचुकली. आम्ही मार्गशीर्षातले गुरुवार धरणाऱ्या. आम्हाला उत्तर सुचलं नाही. वही पिशवीत घातली आणि उद्या बघू म्हणून बैठक उठवली.

रात्री झोप लागेना. तेव्हा बी.ए.ला वाचलेला इतिहास आठवू लागला. देव न मानणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न काही आपल्याच गटापुढं पहिल्यांदा आलेला नाही. मोठमोठ्या सभागृहांत तो आला आणि वर्षानुवर्षं त्यावर भांडणं झाली.

सगळ्यात गाजलेलं भांडण इंग्लंडमधलं. नॉर्थॅम्प्टन हे तेव्हा बूट-चपला शिवणाऱ्या कारागिरांचं गाव. १८८० साली तिथून चार्ल्स ब्रॅडलॉ नावाचे गृहस्थ पार्लमेंटवर निवडून आले. ते उघडपणे नास्तिक होते. पार्लमेंटमध्ये बसण्याआधी देवाच्या नावानं शपथ घ्यावी लागे. ब्रॅडलॉ म्हणाले, मला शपथेऐवजी साधी प्रतिज्ञा करू द्या. सभागृहानं नकार दिला. मग ते म्हणाले, नियमच असेल तर शपथही घेतो. त्यावर सभागृह म्हणालं, देव न मानणाऱ्याची शपथ कसली? तीही चालणार नाही.

म्हणजे इकडून आड, तिकडून विहीर. ब्रॅडलॉ हटले नाहीत, तेव्हा त्यांना एका रात्रीपुरतं पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यात कोंडलं. त्यांची जागा रिकामी ठरवली की पोटनिवडणूक लागे आणि नॉर्थॅम्प्टनचे लोक पुन्हा त्यांनाच निवडून देत. हे मतदार काही सगळे नास्तिक नव्हते. पण आपला माणूस आपल्या कामाचा आहे, हे त्यांना माहीत होतं. शेवटी १८८६ साली ब्रॅडलॉंना आत बसू दिलं. १८८८ साली कायदाच झाला, की ज्याला देवाची शपथ घ्यायची नाही त्यानं प्रतिज्ञा करावी. दुसऱ्याच वर्षी हेच ब्रॅडलॉ मुंबईला काँग्रेसच्या अधिवेशनाला येऊन गेले. आपल्या देशाची बाजू ते तिकडं मांडत असत.

१८९१च्या जानेवारीत ब्रॅडलॉ वारले. लंडनमध्ये राहणारे भारतीय त्यांच्या अंत्यविधीला गेले. त्यात एकवीस वर्षांचा एक विद्यार्थी होता, मोहनदास गांधी. गांधीजींनी आत्मकथेत हा प्रसंग सांगितला आहे. परतताना रेल्वे स्टेशनवर एक नास्तिक माणूस एका पाद्रीबुवांना छेडत होता. तुमचा देव केवढा आणि राहतो कुठं, असं विचारत होता. पाद्रीबुवा शांतपणे म्हणाले, तो तुमच्या-माझ्या दोघांच्याही मनात राहतो. त्या माणसाचा टोमणेबाज सूर तरुण गांधींना आवडला नाही. नास्तिकपणाबद्दलची त्यांची नावड आणखी वाढली.

पण गांधीजी तिथंच थांबले नाहीत. आधी ते देव हेच सत्य असं म्हणत. पुढं १९३१च्या सुमारास त्यांनी तेच वाक्य उलटं केलं आणि सत्य हाच देव असं म्हणू लागले. कारण देव नाकारणारे पुष्कळ भेटतात, पण सत्य नकोच असं म्हणणारा नास्तिकही भेटत नाही.

आता सेवाग्रामला येऊ. वर्ध्याजवळचा हा आश्रम आपल्यातल्या कित्येकींनी सहलीत पाहिला असेल.

आंध्रात गोपराजू रामचंद्र राव नावाचे प्राध्यापक होते. लोक त्यांना गोरा म्हणत. नास्तिक विचारांपायी त्यांची कॉलेजातली नोकरी गेली. त्यांची पत्नी सरस्वती. लग्न झालं तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. गरोदरपणी ग्रहण पाहू नये, बाळाला व्यंग येतं, ही भीती आपल्याकडं आहे तशी तिकडंही होती. सरस्वतीबाई पोटुशी असताना बाहेर आल्या आणि त्यांनी ग्रहण पाहिलं. त्यांना नऊ मुलं झाली. मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी, १९३० साली, जन्मलेल्या मुलाचं नाव त्यांनी लवणम् ठेवलं, म्हणजे मीठ. पुढं १९४२च्या चळवळीत त्या लहान लेकराला कडेवर घेऊन तुरुंगात गेल्या. या नवरा-बायकोंनी १९४० साली मुदुनूर या खेड्यात नास्तिक केंद्र काढलं. तिथं प्रौढांना अक्षरओळख, सगळ्या जातींची एका पंगतीत जेवणं, शिवाशिव मोडणं अशी कामं चालत.

देव या शब्दाचा अर्थ काय, असं गोरांनी १९३० सालीच गांधीजींना पत्रानं विचारलं होतं. प्रत्यक्ष भेट झाली १९४४च्या अखेरीस, सेवाग्रामला. नंतर गोरा काही आठवडे आश्रमात येऊन राहिले. दोघांचा वाद कसा चालला, ते ऐकण्याजोगं आहे.

गोरांनी बंगालच्या १९४३च्या दुष्काळाचं उदाहरण दिलं. कलकत्त्याच्या रस्त्यावर खाण्यानं भरलेल्या दुकानांसमोर माणसं भुकेनं मेली. मरणारा म्हणाला देवाची मर्जी आणि दुकानदारही म्हणाला देवाची मर्जी. देवावर हवाला टाकला नसता, तर माणसानं माणसाला असं मरू दिलं नसतं, असं गोरांचं म्हणणं. गांधीजींनी ते मध्येच तोडलं नाही. त्यांनी गोरांच्या गावच्या कामाची खडानखडा चौकशी केली. शेवटी त्यांचं म्हणणं असं होतं, की माझा देव खरा असंही मी म्हणू शकत नाही आणि तुमचा नास्तिकपणा खोटा असंही म्हणू शकत नाही. आपण दोघंही सत्य शोधतोय. गांधीजी प्रार्थना करत राहिले, गोरा नास्तिकच राहिले. कुणी कुणाला आपल्याकडं ओढलं नाही. पण शिवाशिव मोडायच्या कामात दोघं एका बाजूला उभे राहिले.

यातली सगळ्यात मोठी कसोटी एका लग्नाची होती. गोरा आणि सरस्वतीबाईंची थोरली लेक मनोरमा. अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या अर्जुनराव या तरुणाशी तिचं लग्न ठरलं. हे लग्न सेवाग्रामला लावायचं गांधीजींनी कबूल केलं. प्रश्न आला विधीचा. मुलीकडचे नास्तिक, मग देवाच्या नावानं शपथ कशी घ्यायची? गांधीजींनी मान्य केलं, की या लग्नात देवाचं नाव घेऊ नये, त्या जागी सत्याचं नाव घ्यावं. रामनाम घेणारा माणूस दुसऱ्याच्या लग्नातून देवाचं नाव काढायला तयार झाला. लग्नाआधीच, ३० जानेवारी १९४८ला, गांधीजींची हत्या झाली. पण दिलेला शब्द आश्रमानं पाळला. त्याच वर्षी मार्च महिन्यात मनोरमा आणि अर्जुनराव यांचं लग्न सेवाग्रामला लागलं.

शेवटचा मुक्काम दिल्ली. घटना समितीत संविधानाची प्रास्ताविका चर्चेला होती. तारीख १७ ऑक्टोबर १९४९, अध्यक्षस्थानी डॉ. राजेंद्रप्रसाद. एच. व्ही. कामत यांनी दुरुस्ती सुचवली, की सुरुवात "देवाच्या नावाने" अशी करावी. त्यावर आसामचे रोहिणीकुमार चौधरी उठले. ते कामाख्या देवीच्या मुलखातले. ते म्हणाले, देवाच्या कशाला, देवीच्या नावानं सुरुवात करा! हे वाचून आम्हाला हसू आलं आणि बरंही वाटलं.

पण खरी गंमत पुढं आहे. या दुरुस्तीला विरोध करणाऱ्यांत देव मानणारेच होते. त्रावणकोरचे थानू पिल्लै स्वतः श्रद्धाळू. त्यांचं म्हणणं होतं, की मानायचं की नाही हा ज्याचा त्याचा हक्क आहे आणि असं लिहिणं म्हणजे श्रद्धेची सक्ती होईल. पूर्णिमा बॅनर्जी या महिला सदस्यांनी कामतांना विनवलं, की देवाला मताला टाकून आम्हाला अडचणीत आणू नका. कामतांनी ऐकलं नाही. मतदान झालं. बाजूनं ४१, विरुद्ध ६८. म्हणून आपली प्रास्ताविका "आम्ही, भारताचे लोक" अशी थेट आपल्यापासून सुरू होते.

मग देवाला संविधानातून घालवलं का? तसंही नाही. आमदार, खासदार, मंत्री यांच्या शपथेचे नमुने संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत दिलेत. तिथं दोन वाटा आहेत. ज्याला देव हवा त्यानं ईश्वरसाक्ष शपथ घ्यावी, ज्याला नको त्यानं गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी. कोर्टात साक्ष देतानाही हीच मुभा आहे. पुढच्या वेळी टीव्हीवर शपथविधी लागला, की कान देऊन ऐका. दोन्ही तऱ्हा ऐकू येतील आणि दोघांच्या शब्दाची किंमत कायद्यापुढं सारखीच.

आता आपली वही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खजिनदार ताईंच्या ओसरीवर बसून सहा महिन्यांची पानं एकेक करून तपासली. चौथ्या महिन्यात चूक सापडली. मागच्या पानाची शिल्लक होती ३,४६० रुपये. नव्या पानावर ओढताना लिहिली गेली ४,३६०. आकडे उलटे पडले आणि नऊशे रुपयांचा फरक पडला. पैसे हरवलेच नव्हते. आणि सख्यांनो, तो आकडा लिहिणारा हात आमचा होता. त्या महिन्यात सचिव ताई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, म्हणून वही आम्हीच लिहिली होती.

ताई रागावल्या नाहीत. फक्त एवढंच म्हणाल्या, "मी भंडारा उचलला असता, तर तुम्ही वही उघडलीच नसती."

हे वाक्य आम्हाला लागलं. भंडारा उचलला असता तर गटाचं समाधान झालं असतं, पण चूक पानावर तशीच राहिली असती. पुढच्या महिन्यात पुन्हा नऊशे कमी आले असते.

पुढच्या बैठकीत आम्ही सगळ्यांसमोर आपली चूक कबूल केली आणि ताईंची माफी मागितली. पेटीचा प्रश्न विचारणाऱ्या बाईंनाही आम्ही दोष दिला नाही. पै पै करून साठवलेले पैसे असतात, जीव घाबरतो. त्यांना त्यांच्या देवाचा आधार वाटतो, तो त्यांच्यापाशी राहू दे. फक्त तो दुसरीच्या इमानाचा पुरावा म्हणून मागायचा नाही. मग दोन ओळींचा ठराव लिहिला. दर महिन्याला दोन वेगवेगळ्या सदस्यांनी वही तपासून सही करायची. आणि हिशेबावरून वाद झाला, तर कुणालाही शपथ घ्यायला लावायचं नाही. सगळ्यांच्या सह्या झाल्या, दोघींचे अंगठे उठले. भंडारा उचला म्हणणाऱ्या मावशींचा अंगठा त्यात आहे.

गटात नवरात्रात आरती होते, ती अजूनही होते. खजिनदार ताई तेव्हा हात जोडत नाहीत. पण प्रसादाच्या खोबऱ्याचा हिशेब त्याच ठेवतात आणि तो आजवर चुकलेला नाही.

सख्यांनो, पुढच्या बैठकीत या गोष्टीवर जरूर बोला. तुमच्या गटात कुणाचा शब्द कशावरून खरा धरला जातो? देवाच्या नावावरून, आडनावावरून, की वहीवरून? आणि आपली रोखवही शेवटची कधी तपासली होती, तेही बघा.