हृदयध्वनी संवेदक (अंगावर लावायचे)

हृदयाचे ध्वनी बराच वेळ सलग टिपण्यासाठी छातीवर चिकटवायचे किंवा पट्ट्याने बांधायचे छोटे उपकरण. झडपांचे विकार व जन्मजात हृदयदोष यांच्या प्राथमिक तपासणीसाठी ते वापरतात.

तत्त्व : ‘लब’ हा पहिला ध्वनी द्विदल व त्रिदल झडपा मिटताना उमटतो, ‘डब’ हा दुसरा, महारोहिणी व फुप्फुस रोहिणीच्या झडपा मिटताना. झडप अरुंद झाली किंवा नीट मिटेनाशी झाली की रक्तप्रवाह खळबळतो आणि ‘मर्मर’ ऐकू येते. पिझोइलेक्ट्रिक पापुद्रा, सूक्ष्म मायक्रोफोन किंवा प्रवेगमापक छातीवरची कंपने विद्युत संकेतात बदलतो. सोबत ईसीजी (हृदयाचा विद्युत आलेख) घेतला, तर मर्मर आकुंचनात आहे की प्रसरणात, हे नेमके कळते. कारण पहिला ध्वनी ईसीजीतील आर तरंगापाठोपाठ येतो आणि दुसरा टी तरंगाच्या अखेरीस.

विकास : रेने लेनेक यांनी 1816 मध्ये पॅरिसमध्ये स्टेथोस्कोप शोधला. महाराष्ट्रात मुंबई आयआयटीच्या ‘बेटिक’ केंद्राशी निगडित ‘आयू डिव्हाइसेस’चा डिजिटल स्टेथोस्कोप 2020 च्या कोविडकाळात पुढे आला. तो अंगावर बांधायचा नाही. पण टिपलेला ध्वनी ब्लूटूथने पाठवत असल्याने डॉक्टरांना रुग्णाजवळ न जाताही तपासता येते.

सोलापूरसारख्या जिल्ह्यातील उपयोग : 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाड्यांतील मुलांची तपासणी होते, जन्मजात व ऱ्हुमॅटिक हृदयविकार त्यात समाविष्ट आहेत. करमाळा किंवा सांगोल्याच्या गावात टिपलेला ध्वनी शहरातील तज्ज्ञाला ऐकवता येणे, हा अशा उपकरणांचा मोठा लाभ ठरू शकतो. मात्र सोलापूर शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांचा खडखडाट भिंतीपलीकडूनही येतो आणि मंद मर्मर त्यात बुडू शकते. त्यासाठी काही उपकरणांत बाहेरच्या बाजूला दुसरा मायक्रोफोन असतो. त्याने टिपलेला गोंगाट मूळ नोंदीतून वजा केला जातो.

मर्यादा : संवेदक जागेवरून सरकला, कपडा घासला किंवा रुग्ण बोलला तरी नोंद बिघडते. निरोगी मुलांतही निरुपद्रवी मर्मर आढळते, म्हणून निदान इकोकार्डिओग्राफीनेच (हृदयाच्या सोनोग्राफीने, म्हणजे ‘इको’ने) पक्के करावे लागते. ऱ्हुमॅटिक विकार वेळीच ओळखला, तर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन देऊन झडपेची पुढची हानी रोखता येते. म्हणून संवेदकाबरोबरच रुग्णाला इकोपर्यंत नेणारी आणि इंजेक्शन चुकू न देणारी व्यवस्थाही तितकीच आवश्यक आहे.