एका पराभवाचा निवाडा

खेळांत हरतात खेळाडू, आणि जाब द्यावा लागतो त्यांच्या गुरूला. हा न्याय सर्व देशांत कमी-अधिक प्रमाणांत चालतो. परंतु अमेरिकेंतील विद्यापीठांच्या बास्केटबॉलमध्यें तो जितका कठोर झाला आहे, तितका अन्यत्र क्वचितच आढळेल. तेथें एखादा मोठा सामना लाजिरवाण्या रीतीनें हातचा गेला, कीं दुसऱ्या दिवशीं सकाळपासून उपाहारगृहांत, वसतिगृहांत आणि वर्तमानपत्रांच्या स्तंभांत एकच प्रश्न चघळला जातो : हा प्रशिक्षक ठेवावा, कीं घरीं पाठवावा? नॉर्थ कॅरोलायना राज्यांतील दोन शेजारी गांवांत हा वाद ज्या रीतीनें घडला आणि काळानें त्याचा जो निकाल लावला, तो इतिहास मनन करण्यासारखा आहे.

हा खेळच मुळीं एका शिक्षकानें निर्माण केला. १८९१ सालच्या डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्स राज्यांतील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकांनीं, हिंवाळ्यांत मुलांना छपराखालीं खेळतां यावें म्हणून, सज्जाच्या कठड्याला पीचच्या दोन टोपल्या अडकविल्या. पुढें १८९८ सालीं ते कॅन्सस विद्यापीठांत गेले आणि १९०७ पर्यंत त्यांनीं तेथील संघ सांभाळला. त्यांच्या खात्यावर ५५ विजय आणि ६० पराभव जमा आहेत. कॅन्ससच्या आजवरच्या प्रशिक्षकांत विजयांपेक्षां पराभव अधिक असलेला प्रशिक्षक एकच, आणि तो खुद्द या खेळाचा जनक! परंतु त्या काळीं नेस्मिथ यांना कोणी हिशेब विचारला नाहीं. हा खेळ खेळण्याचा आहे, शिकविण्याचा नाहीं, असेंच त्यांचें मत होतें. त्यांचे शिष्य फॉग ॲलन यांनीं तें मत खोटें ठरविलें. त्यांनीं कॅन्ससमध्यें ३९ हंगाम संघाला शिकवून प्रशिक्षकाचा स्वतंत्र धंदाच उभा केला. धंद्याला मान आला, आणि मानाबरोबर जबाबदारीहि आली.

ही जबाबदारी कसली असते, हें समजल्याशिवाय पुढील वाद समजणार नाहीं. विद्यापीठाच्या संघांतील खेळाडू हे विद्यार्थी असतात. प्रशिक्षकानें गांवोगांव हिंडून शाळेंतील चांगले खेळाडू हेरावयाचे, त्यांच्या घरीं जाऊन आईबापांची समजूत घालावयाची, आणि शिष्यवृत्ति देऊन मुलांना आपल्या विद्यापीठांत आणावयाचें. त्या काळीं मुलगा सामान्यतः चार वर्षें राहत असे. म्हणजे नव्या प्रशिक्षकानें आज पेरलेलें बीं उगवून त्याचें कणीस भरावयास चार वर्षें लागावयाचीं. प्रेक्षकांची आणि देणगीदारांची सहनशक्ति मात्र एका हंगामापुरतीच असते. त्यांचा हिशेब ‘पी हळद आणि हो गोरी’ असा रोखीचा.

चॅपेल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठानें १९५७ सालीं फ्रँक मॅग्वायर यांच्या हाताखालीं ३२ सामने खेळून एकहि न हरतां राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें होतें. पुढें चारच वर्षांनीं नियमभंगाबद्दल विद्यापीठाला शिक्षा झाली, पैसे घेऊन सामन्यांतील गुण कमी-अधिक करण्याचें प्रकरण उघडकीस आलें, आणि मॅग्वायर निघून गेले. १९६१ सालीं त्यांचे तीस वर्षांचे सहायक डीन स्मिथ यांच्या हातीं संघ आला. हे स्मिथ कॅन्ससला फॉग ॲलन यांच्याच हाताखालीं खेळलेले. म्हणजे नेस्मिथ यांच्या शिष्यपरंपरेंतलेच. कुलगुरु विल्यम एकॉक यांनीं त्यांना बजावलें, कीं विजयांच्या संख्येपेक्षां खेळ स्वच्छ राहण्याला अधिक महत्त्व आहे. सामन्यांची संख्या आणि बाहेरगांवचे खेळाडू आणण्याची मुभा, दोन्ही कमी केलेल्या असतांना त्यांनीं कामास आरंभ केला. पहिल्या वर्षीं ८ विजय आणि ९ पराभव पदरीं पडले. पुढचीं वर्षेंहि जेमतेमच गेलीं.

१९६५ सालच्या जानेवारीच्या सहा तारखेस वेक फॉरेस्ट विद्यापीठानें स्मिथ यांच्या संघाला १०७ विरुद्ध ८५ गुणांनीं हरविलें. रात्रीं संघाची मोटार चॅपेल हिलला परतली, तों व्यायामशाळेपाशीं एक बुजगावणें फांसावर लटकत असलेलें दिसलें. ती स्मिथ यांची प्रतिमा होती, आणि ती टांगणारे त्यांच्याच विद्यापीठाचे विद्यार्थी होते. सर्व खेळाडूंनीं तो प्रकार पाहिला. त्यांपैकीं बिली कनिंगहॅम या अग्रगण्य खेळाडूनें मोटारींतून उडी टाकली आणि तें बुजगावणें ओढून खालीं पाडलें. ज्या मुलांच्या हरण्याबद्दल हा राग होता, त्यांतीलच एकानें गुरूच्या अपमानाला असें उत्तर दिलें.

स्मिथ यांना विद्यापीठानें काढलें नाहीं. १९६७ पासून लागोपाठ तीन वर्षें त्यांचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चारांत पोहोंचला. कृष्णवर्णीय खेळाडू चार्ली स्कॉट याला त्यांनीं शिष्यवृत्ति देऊन आणलें, आणि त्या विद्यापीठाच्या क्रीडाजीवनांतील एक भिंत पाडली. १९८२ आणि १९९३ सालीं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळालें. ८७९ विजय मिळवून १९९७ सालीं ते निवृत्त झाले, तेव्हां ज्या भव्य क्रीडागृहांत संघ खेळत होता त्याला त्यांचेंच नांव होतें.

चॅपेल हिलपासून आठ-दहा मैलांवर डरॅम हें गांव आहे, आणि तेथें ड्यूक विद्यापीठ आहे. शेजारी घडलेला हा धडा इतका जवळचा असूनहि ड्यूकच्या चाहत्यांच्या उपयोगीं पडला नाहीं. पळसाला पानें तीनच, हें जसें झाडाविषयीं खरें, तसेंच तें चाहत्यांविषयींहि खरें.

१९८० सालीं ड्यूकचे क्रीडासंचालक टॉम बटर्स यांनीं माइक शशेफ्स्की नांवाच्या तेहतीस वर्षांच्या गृहस्थाला प्रशिक्षक नेमलें. शिकागोंतील एका कष्टकरी पोलिश कुटुंबांत त्यांचा जन्म झालेला. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयांत ते शिकले, सैन्यांत अधिकारी होते आणि पुढें त्याच विद्यालयाच्या संघाचे प्रशिक्षक झाले. नेमणुकीपूर्वींच्या हंगामांत त्यांचा संघ ९ सामने जिंकून १७ हरला होता. नांवहि इतकें अवघड, कीं ड्यूकच्या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रानें हा मुद्रणदोष नव्हे अशा अर्थाचा मथळा छापला. बटर्स यांनीं विजयांची यादी न पाहतां माणूस पाहिला, असेंच म्हणावें लागतें.

पहिल्या वर्षीं १७ विजय आणि १३ पराभव झाले. दुसऱ्या वर्षीं १० विजय आणि १७ पराभव. चांगले खेळाडू आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न फसला. ज्या मुलांवर दृष्टि होती त्यांतील बहुतेक अन्यत्र गेलीं. तिसऱ्या वर्षीं मात्र जॉनी डॉकिन्स, मार्क अलारी, जे बायलस, डेव्हिड हेंडरसन अशीं गुणी पोरें आलीं. पण तीं अठरा वर्षांचीं कोंवळीं मुलें. समोर चौथ्या वर्षाचे पुरते तयार झालेले खेळाडू. १९८३ च्या जानेवारींत वॅग्नर या लहानशा महाविद्यालयानें ड्यूकला त्याच्या घरीं येऊन हरविलें. आणि मार्चच्या अकरा तारखेस अटलांटा येथें, सात फूट चार इंच उंचीच्या राल्फ सॅम्पसनच्या व्हर्जिनिया संघानें त्यांचा १०९ विरुद्ध ६६ असा धुव्वा उडविला. ४३ गुणांचा फरक! हंगामाचा जमाखर्च ११ विजय आणि १७ पराभव असा निघाला.

शेजारचें चित्र पाहून या जखमेवर मीठ चोळलें गेलें. चॅपेल हिलनें आदल्याच वर्षीं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें होतें. रॅले गांवच्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाचे जिम व्हॅल्व्हानो हेहि १९८० सालींच नेमले गेलेले. त्यांनीं १९८३ च्या एप्रिलांत ह्यूस्टनवर ५४ विरुद्ध ५२ अशी मात करून तेंच पद पटकाविलें. पंचवीस-तीस मैलांच्या टापूंत दोन अजिंक्य संघ, आणि तिसऱ्याच्या वांट्याला ४३ गुणांची नामुष्की!

आतां वाद पेटला. देणगीदारांपैकीं कित्येकांनीं शशेफ्स्की यांना दूर करावें अशी उघड मागणी केली. बटर्स यांच्याकडे संतापाचीं पत्रें येऊं लागलीं. या मंडळींचें म्हणणें अगदींच अडाणीपणाचें होतें असें मानणें अन्यायाचें होईल. तीन वर्षांत ३८ विजय आणि ४७ पराभव, हे आंकडे कोणी बनविलेले नव्हते. १९७८ सालीं ज्या विद्यापीठाचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला होता, त्याचीच ही दशा झाली होती. प्रत्येक खेळाडूनें आपापला प्रतिस्पर्धी राखावा, हा शशेफ्स्की यांचा बचावाचा हट्ट कोंवळ्या मुलांना झेपत नाहीं. त्याऐवजीं मैदानाचे भाग वांटून द्यावेत, ही टीकाहि जाणत्यांची होती. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें एवढेंच, कीं मुलें नवीं आहेत, त्यांना वाढूं द्या. एका पक्षाच्या हातांत आंकडे होते. दुसऱ्याच्या हातांत केवळ आशा होती. आणि या दोहोंच्या मध्यें पत्नी आणि तीन मुली असलेला एक संसारी मनुष्य उभा होता.

त्या पराभवाच्या रात्रीं अटलांटांतील एका उपाहारगृहांत शशेफ्स्की आपल्या सहकाऱ्यांसह बसले होते. ही रात्र विसरण्यासाठीं म्हणून एकानें पाण्याचा पेला उंचावला. शशेफ्स्की यांनीं त्याला दुरुस्ती सुचविली : ही रात्र कधींहि न विसरण्यासाठीं पेला उचला. चाहत्यांना हा पराभव पुसून टाकावयाचा होता, आणि त्यासाठीं माणूस पुसला तरी त्यांना चालणार होतें. प्रशिक्षकाला तो पराभव जपून ठेवावयाचा होता, कारण त्याला त्यांतून शिकावयाचें होतें.

बटर्स यांनीं त्यांना ठेवलें. एवढ्यावर ते थांबले नाहींत. पुढच्या हंगामाचा आरंभ उत्तम झाला, पण १९८४ च्या जानेवारींत संघ पुन्हां लागोपाठ हरूं लागला. कुजबूज पुन्हां वाढली, आणि नेमक्या त्याच दिवसांत बटर्स यांनीं शशेफ्स्की यांच्या करारांत पांच वर्षांची वाढ केली. विजयानंतर करार वाढविण्यास धैर्य लागत नाहीं. पराभवांच्या रांगेंत तो वाढविणें हा खरा निवाडा होता. दोनच महिन्यांनीं, मार्चांत, ड्यूकनें डीन स्मिथ यांच्या संघाला ७७ विरुद्ध ७५ असें हरविलें, आणि त्या संघांत मायकेल जॉर्डन खेळत होता.

१९८६ सालीं तीं कोंवळीं पोरें चौथ्या वर्षास पोहोंचलीं. ड्यूकनें ३७ सामने जिंकले, केवळ ३ गमावले. अंतिम सामन्यांत लुइव्हिलनें त्यांना ७२ विरुद्ध ६९ असें रोखलें. १९९० च्या अंतिम सामन्यांत नेव्हाडा-लास व्हेगसनें ड्यूकचा १०३ विरुद्ध ७३ असा फडशा पाडला. फरक ३० गुणांचा, आणि तोहि साऱ्या राष्ट्रासमोर. परंतु या वेळीं प्रशिक्षकाला काढण्याची चळवळ उभी राहिली नाहीं. दुसऱ्याच वर्षीं ड्यूकनें त्याच संघाला ७९ विरुद्ध ७७ असें हरवून पुढें पहिलें राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलें. तसलींच पदें १९९२, २००१, २०१० आणि २०१५ सालींहि मिळालीं. ड्यूकचे विद्यार्थी सामन्याला प्रवेश मिळावा म्हणून थंडीवाऱ्यांत तंबू ठोकून राहतात. त्या तंबूंच्या वस्तीला त्यांनीं शशेफ्स्की यांचेंच नांव दिलें आहे.

यावरून, धीर धरला म्हणजे फळ मिळतेंच, असा सुलभ बोध काढणें बरोबर होणार नाहीं. ज्यांना वेळ दिला आणि तरीहि ज्यांच्या हातून कांहीं घडलें नाहीं, अशांचीं नांवें इतिहास लिहून ठेवीत नाहीं. तसेंच लवकर आलेलें यश टिकतेंच असेंहि नाहीं. व्हॅल्व्हानो यांना नियमभंगाच्या चौकशीनंतर १९९० सालीं आपलें पद सोडावें लागलें. आणि १९९३ सालीं कर्करोगानें त्यांचा अंत झाला, तोंपर्यंत शशेफ्स्की त्यांचे जिवलग मित्र होते. तेव्हां प्रश्न केवळ किती वेळ द्यावा हा नसून काय पाहावें हा आहे. पराभवाचा आंकडा संघ आज कोठें उभा आहे तें सांगतो. तो कोणत्या दिशेनें चालला आहे हें सांगत नाहीं. तें पाहावयाचें तर गुरु कोणतीं मुलें आणतो, त्यांना कसा वागवितो, आणि हरल्यावर तीं मुलें त्याच्या बाजूस उभीं राहतात कीं दूर सरतात, इकडे लक्ष द्यावें लागतें. १९६५ सालीं कनिंगहॅमनें मोटारींतून टाकलेली उडी हा असा पुरावा होता. तो त्या रात्रीं मैदानांतील गुणफलकावर लागलेला नव्हता, एवढेंच.

शशेफ्स्की यांनीं २०२२ सालीं निवृत्ति घेतली. एकूण १२०२ विजय त्यांच्या नांवावर लागले. त्यांचा शेवटचा सामना त्याच वर्षीं एप्रिलच्या दोन तारखेस न्यू ऑर्लिन्स येथें राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरींत झाला. समोर शेजारच्या चॅपेल हिलचाच संघ होता. ड्यूकचा ८१ विरुद्ध ७७ असा पराभव झाला. बेचाळीस वर्षांपूर्वीं ज्यांचें नांव नीट उच्चारतां येत नव्हतें, त्यांना निरोप देण्यासाठीं ड्यूकचे हजारों चाहते त्या हरलेल्या सामन्याला उभे होते.