कामात मन का लागत नाही?

नोकरीत माणूस आतून विझतो, त्याला आता 'बर्नआउट' म्हणतात. उपाय म्हणून कंपन्या प्रेरणादायी व्याख्याने ठेवतात, ध्यानाचे वर्ग भरवतात. म्हणजे दोष कामगाराच्या मनाचा! आणि तो कामगार आपल्या समाजातला असला, की 'यांना कामच नको असते' हा शेरा ठरलेलाच. आम्हाला हे निदान मान्य नाही, कारण इतिहास वेगळे सांगतो.

मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी जास्त मिळे. तिथे अस्पृश्यांना मज्जाव होता. धोट्यात नवी कांडी घालताना धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळ! १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी दाखवून दिले, की गँगमन म्हणून लागलेला आपला माणूस जन्मभर गँगमनच राहतो. पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचीही कामे करावी लागत, म्हणून ती नोकरीसुद्धा त्याला मिळत नसे. कितीही राबा, वरची पायरीच नाही. अशा कामात उमेद कुठून येणार?

याची मीमांसा बाबासाहेबांनी १९३६ मध्येच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये केली होती. जात केवळ कामे वाटत नाही, काम करणारी माणसेच उच्च-नीच अशी विभागते. जो धंदा स्वतः निवडलेला नाही आणि ज्याला समाज हलका मानतो, त्यात मन रमत नाही. तो टाळावासाच वाटतो. म्हणजे कामचुकारपणा रक्तात नसतो, तो व्यवस्था घडवते.

बाबासाहेब निदानावर थांबले नाहीत. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ वर आले, दिवसाचे १० वरून ९ वर. थकलेल्या कामगाराला त्यांनी उपदेश केला नाही, कायदा दिला. आणि २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने काय केले? कारखान्यांतील दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास मान्यता दिली!

तेव्हा मित्रांनो, थकवा आला म्हणून स्वतःला दोष देऊ नका. तास किती, बढती कोणाला, हलकी कामे कोणाच्या वाट्याला, हे तीन प्रश्न आपापल्या कार्यालयात विचारा. एकट्याने नव्हे, संघटनेतून विचारा.

जय भीम!