कोळ्याचें भय आणि महामारी

कोळ्याहून भयंकर असे प्राणी आपल्या परिचयाचे पुष्कळ आहेत. नाग आहे, विंचू आहे, पिसाळलेलें कुत्रें आहे. कोळ्यांच्या पन्नास हजारांहून अधिक जातींची शास्त्रज्ञांनीं आजवर नोंद केली आहे. त्यांत मनुष्याचा जीव घेऊं शकतील अशा जाती अगदीं थोड्या, आणि बाकीच्या माश्या-डांस खाऊन आपल्यावर उपकारच करितात. असें असतां युरोपांतल्या भयकथाकाराला वाचकाच्या अंगावर कांटा आणावयाचा असला म्हणजे तो विंचवाला सोडून कोळ्याला पाचारण करितो, हें कसें?

याचें सर्वसाधारण उत्तर असें कीं, कोळ्याचें रूपच किळसवाणें आहे: आठ पाय, अनेक डोळे, आणि निश्चल बसलेला असतांना एकाएकीं धांवत सुटण्याची संवय. या उत्तरांत तथ्य नाहीं असें नाहीं. लाइपझिग व उप्साला येथील संशोधकांनीं २०१७ मध्यें सहा महिन्यांच्या अर्भकांस कोळ्यांचीं व फुलांचीं चित्रें दाखविलीं, तेव्हां कोळी पाहतांना त्यांच्या डोळ्यांतील बाहुल्या अधिक मोठ्या झालेल्या दिसल्या. म्हणजे दचकणें कदाचित् उपजत असेल. परंतु दचकणें निराळें आणि कथा निराळी. मुंडकोपनिषदाच्या कर्त्याला हाच अष्टपाद प्राणी दिसला, आणि स्वतःच्या देहांतून तंतु काढणारा व परत आंत घेणारा तो ऊर्णनाभि त्यास अक्षर ब्रह्मापासून होणाऱ्या विश्वोत्पत्तीचा दृष्टांत म्हणून योग्य वाटला. पश्चिम आफ्रिकेंतल्या अकान लोकांचा अनान्सी हा कोळी तर लोककथांतला लबाड आणि हंसविणारा नायक आहे. पाय सर्वत्र आठच, मग युरोपांतच त्याचा राक्षस कां झाला?

लेखकाचा स्वतःचा अनुभव हेंहि कारण पुरें पडत नाहीं. ‘दि टू टॉवर्स’ (१९५४) या कादंबरींत शेलॉब नांवाची अजस्र कोळीण निर्माण करणाऱ्या टोल्कीनला दक्षिण आफ्रिकेंत बालपणीं एक मोठा कोळी चावला होता खरा; पण आपणांस कोळ्यांचा विशेष तिटकारा नाहीं, न्हाणीच्या टबांत सांपडलेल्यांची आपण बहुधा सुटकाच करितों, असें त्यानें १९५५ च्या एका पत्रांत लिहिलें आहे. भय त्याचें नव्हतें; तें त्याला परंपरेनें तयार मिळालें होतें.

ही परंपरा विषाची नसून रोगाची आहे, असें मला वाटतें. ग्रॅहॅम डेव्ही या इंग्रज मानसशास्त्रज्ञानें १९९४ मध्यें असेंच प्रतिपादन केलें कीं, मध्ययुगापासून युरोपांत कोळ्याचा संबंध सांथीशीं व दूषित अन्नपाण्याशीं जोडला गेला, आणि आजचें भय हें त्या किळसेचें वंशज आहे. मानसशास्त्राच्या कसोटीवर हें मत कितपत उतरेल तें त्या शास्त्रानें पाहावें. वाङ्मयांत मात्र त्याला भक्कम पुरावा आहे. तो म्हणजे ‘काळा कोळी’ ही १८४२ सालची जर्मन कथा.

तिचा कर्ता आल्बेर्ट बित्सियुस हा स्वित्झर्लंडांतील एमेंटाल खोऱ्यांतल्या ल्युत्सेलफ्ल्यू गांवचा पाद्री. येरेमियास गोटहेल्फ हें त्याचें टोपणनांव. कथेचा आरंभ एका सुखवस्तु शेतकऱ्याच्या घरीं बारशाच्या मेजवानीनें होतो. घर नवें, झकझकीत. पण खिडकीच्या चौकटींत एक जुना, काळाकुट्ट खांब बसविलेला. कोणीतरी त्याचें कारण विचारतें आणि आजोबा सांगूं लागतात. शेंकडों वर्षांपूर्वीं हान्स फॉन स्टोफेल्न नामक जुलमी सरदारानें शेतकऱ्यांकडून डोंगरावर गढी बांधून घेतली, आणि वर महिन्याभरांत शंभर वाढलेलीं बीचचीं झाडें गढीपाशीं आणून लावण्याचा हुकूम केला. हिरव्या पोषाखाचा एक शिकारी मदतीस आला. मोबदला एवढाच कीं, बाप्तिस्मा न झालेलें एक मूल त्याला द्यावें. पुरुष घाबरून पळाले. परगांवाहून सून म्हणून आलेल्या क्रिस्टीनेनें तेवढा धीर करून करार केला. शिकाऱ्यानें तिच्या गालाचें चुंबन घेतलें.

झाडें लागलीं. गांवांत मूल जन्मलें, पाद्र्यानें लगोलग बाप्तिस्मा दिला, सैतान फसला. त्या क्षणापासून क्रिस्टीनेच्या गालावरचा ठिपका जळूं लागला, वाढूं लागला, त्याला पाय फुटले. दुसऱ्या मुलाचाहि बाप्तिस्मा झाला तेव्हां त्यांतून असंख्य कोळी बाहेर पडले व गोठ्यांतलीं गुरें मरूं लागलीं. तिसऱ्या वेळीं ती स्वतःच कोळी झाली, आणि माणसें मरूं लागलीं.

आतां हा क्रम वैद्याच्या नजरेनें पाहावा. आधीं एका देहावर काळी पुळी, मग ती फुटणें, मग जनावरें, मग घरोघर माणसें. हा कोळी दबा धरून भक्ष्य पकडीत नाहीं, जाळें विणीत नाहीं. तो आतां इथें तर आतां खोऱ्याच्या दुसऱ्या टोंकाला दिसतो, कडी लावलेल्या दारानें अडत नाहीं, सरदार आणि कुळवाडी असा भेद जाणत नाहीं, आणि त्याचा स्पर्श हाच मृत्यु. हें कोळ्याचें वर्णन नव्हे. हें महामारीचें वर्णन आहे. शेवटीं एक माता त्याला मुठींत धरून खिडकीच्या खांबांतल्या भोंकांत कोंबते, वर खुंटी ठोकते आणि स्वतः मरते. रोग गेलेला नाहीं. घरांतच कोंडलेला आहे. सुमारें दोनशें वर्षांनंतर एक उन्मत्त गडी ती खुंटी काढतो आणि पुन्हां मृत्यूचें थैमान सुरू होतें.

एक गोष्ट मराठी वाचकाच्या लक्षांत यावयाची नाहीं, कारण आपला कोळी पुल्लिंगी आहे. जर्मनींत ‘स्पिन्ने’ हा शब्द स्त्रीलिंगी. म्हणून क्रिस्टीने कोळी झाल्यावरहि कथेंत ‘ती’च राहते. करारानें लाभ झाला सर्व गांवाचा, पण खापर फुटलें बाहेरून आलेल्या एका बाईवर. गोटहेल्फ गांवकऱ्यांच्या भेकडपणावर कोरडे ओढतो, तरीहि देहदंड तिचाच होतो. हें मला कथेंतल्या कोळ्याहून अधिक भीतिदायक वाटतें, कारण इतिहासांत तें खरोखर घडलें आहे. १३४८ च्या महामारींत ज्यूंनीं विहिरींत विष टाकल्याची वदंता उठली. जानेवारी १३४९ मध्यें बाझेल येथें त्यांना जाळण्यांत आलें. पुढल्या महिन्यांत स्ट्रासबुर्ग येथें, जेथें सांथ अद्याप पोंचलीहि नव्हती. हेर्मान गिगास या फ्रांकोनियांतील भिक्षूच्या तत्कालीन बखरींत छळ करून घेतलेल्या कबुलीजबाबांची नोंद आहे: त्या ज्यूंनीं म्हणे मडक्याभांड्यांतून कोळी आणि बेडूक पाळले होते! कादंबरीकार जन्मण्यापूर्वीं सुमारें साडेचारशें वर्षें कोळी असा आरोपपत्रांत येऊन बसला होता.

इंग्लंडांत एम्. आर्. जेम्सनें १९०४ च्या ‘दि ॲश-ट्री’ या कथेंत हाच धागा उचलला. चेटकीण ठरवून फांशीं दिलेली बाई, तिच्याविरुद्ध साक्ष देणारा जमीनदार, त्याच्या खिडकीलगतचें झाड, आणि अंथरुणांत काळेंठिक्कर पडलेलें त्याचें प्रेत. झाडाला आग लागते तेव्हां पोकळ खोडांतून मोठाले कोळी बाहेर पडतात आणि मुळांशीं एका स्त्रीचा सांगाडा सांपडतो. जेम्सची कलाकुसर सफाईची आहे. गोटहेल्फचा दरारा तिला नाहीं.

आपल्याकडे हें रोगाचें नातें ठाऊक नव्हतें असें कोणी समजूं नये. सुश्रुताच्या कल्पस्थानांत लूतांचा, म्हणजे कोळ्यांचा, सविस्तर विचार आहे. वसिष्ठाच्या कपाळींचा घाम कापलेल्या गवतावर पडून त्या जन्मल्या. त्यांचे प्रकार सोळा, पैकीं आठ कष्टसाध्य व आठ असाध्य. विष केवळ दाढांत नव्हे तर लाळ, नख, मूत्र यांतहि. आणि पहिल्या दिवशीं तें ओळखूं येत नाहीं, जसें नुकत्या फुटलेल्या अंकुरावरून झाड ओळखतां येत नाहीं. कुत्र्याला लूत लागली असें आपण म्हणतों, तो शब्द या लूतेचाच. कथेची सामग्री सर्व होती, पण ती वैद्याच्या पोथींत राहिली. पुढें १८९६ सालीं मुंबईंत व लगोलग पुण्यांत प्लेग आला. त्या सांथीच्या मराठी आठवणींत उंदीर आहेत, कोळी नाहींत. आणि बंद दार उघडून माजघरांत शिरणारें भय तेथेंहि आहेच, पण तें आठ पायांचें नाहीं. तें रँडसाहेबाच्या अमदानींतल्या तपासणीच्या गोऱ्या सोजिरांचें आहे.