मत्स्यडिंभांवर ठरते माशांचे भवितव्य

समुद्रात पुढील काही वर्षांत मासळी किती मिळणार, याचा निकाल पुष्कळदा मासा काही मिलिमीटर लांबीचा असतानाच लागतो. अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या या पिलांना मत्स्यडिंभ म्हणतात. नॉर्वेचे शास्त्रज्ञ योहान यॉर्ट यांनी १९१४ मध्ये हा विचार मांडला. तो तपासून पाहता येईल अशा दीर्घकालीन नोंदी अमेरिकेच्या कॅलिफोर्निया किनाऱ्यावर उपलब्ध आहेत.

कोकणातील तारलीच्या कुळातला सार्डिन हा मासा तेथे १९४० च्या दशकात झपाट्याने घटला. माँटेरे येथील मासळी डबाबंद करणाऱ्या कारखान्यांवर संकट आले. कारणांचा शोध घेण्यासाठी १९४९ मध्ये 'कॅल्कॉफी' हा उपक्रम सुरू झाला. संशोधन नौका ठरावीक ठिकाणी बारीक जाळ्यांनी प्लवक गोळा करतात. नंतर प्रयोगशाळेत त्यातील डिंभ जातवार मोजले जातात. पाण्याचे तापमान, क्षारता आणि प्राणवायू यांचीही नोंद होते.

वारा, अन्न आणि प्राणवायू

उत्तरेकडून वाहणाऱ्या वाऱ्यांमुळे या किनाऱ्यालगत खोलवरचे थंड, पोषक पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि डिंभांच्या अन्नाची सोय होते. एल निनोच्या काळात हा पुरवठा मंदावतो. मात्र वारा अतिजोराचा असला, तरी अन्नाचा दाट थर विस्कटतो. अशा वेळी अंड्यातील पिवळा बलक संपलेल्या डिंभांवर उपासमारीची वेळ येते, हे रूबेन लास्कर यांनी १९७० च्या दशकात निदर्शनास आणले. खोल पाण्यातील प्राणवायूही महत्त्वाचा असतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, प्राणवायू कमी असलेल्या काळात मध्यम खोलीवरील माशांच्या डिंभांची संख्या सरासरी ६३ टक्क्यांनी कमी होती.

ठोकताळा चुकला

उबदार पाणी सार्डिनला, तर थंड पाणी मांदेलीच्या कुळातील अँकोव्हीला मानवते, असा समज रूढ होता. २०१४ ते २०१६ मधील सागरी उष्णतेच्या लाटेनंतर मात्र अँकोव्हीच वाढले, सार्डिन सावरले नाहीत. सार्डिनची मुख्य व्यापारी मासेमारी २०१५ मध्ये बंद करावी लागली.

सार्डिनच्या पकडीची मर्यादा ठरवताना तेथे समुद्राच्या तापमानाचाही आधार घेतला जातो. त्यामुळे हा ठोकताळा चुकणे मच्छीमारांच्या उपजीविकेला थेट भिडते. केवळ तापमापकावर विसंबून चालत नाही. डिंभांची मोजणी वर्षानुवर्षे, खंड न पडता करावी लागते, हाच या नोंदींचा धडा आहे.