सांध्यावरचा दुभाषी

जबलपूर हे शहर मराठी माणसास परके नाही. नर्मदाकाठचा हा मुलूख १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. आणि १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना होईपर्यंत जबलपूर व विदर्भ एकाच राज्यात नांदत होते. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांची कीर्ती सर्वांच्या कानी आहे. पण या शहराच्या इतिहासाचे दुसरेही एक अंग आहे, व त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. दूरदूरची गावे जोडणारी जाळी येथे एकमेकांस भेटली, आणि ती कोठे तुटतात व कशी जुळवावी याचे शिक्षणही येथेच दिले गेले.

मार्च १८७० मध्ये मुंबईहून आलेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग जबलपूर येथे ईस्ट इंडियन रेल्वेस मिळाला. अलाहाबादेकडून येणारा मार्ग तीन वर्षे आधीच, म्हणजे १८६७ मध्ये, येथवर पोहोचला होता. अशा रीतीने मुंबई व कलकत्ता ही दोन महानगरे लोहमार्गाने जोडली गेली. कंपन्या दोन, त्यांचे कारभारी दोन, हिशेब निराळे. तरीही एकीचा डबा दुसरीच्या रुळांवरून जाऊ शकला, कारण दोघींच्या रुळांमधील अंतर एकच होते, साडेपाच फूट. तो करार आधी झाला होता म्हणून सांधा बसला.

करार नसला म्हणजे काय होते, याचाही अनुभव जबलपुरास आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून नैनपूरमार्गे अडीच फुटी लहान रुळांची गाडी सातपुडा ओलांडून येथे येऊ लागली. २०१५ मध्ये हा अरुंद मार्ग बंद होऊन त्याच्या जागी रुंद मार्ग आला. तोवर शंभर वर्षांहून अधिक काळ लहान गाडीतला माल मोठ्या गाडीत चढवावयाचा तर हमालांनी तो उतरवून पुन्हा भरल्यावाचून गत्यंतर नसे. दोन्ही गाड्या धडधाकट, दोन्ही मार्ग शाबूत. परंतु त्यांच्यामध्ये कोणी देवघेव करणारा नसेल तर माल जागचा हलत नसे.

तारायंत्राची गोष्ट याहून बोधप्रद आहे. हिंदुस्थानात १८५५ साली तारेची सेवा सर्वसामान्यांस खुली झाली. तारेतून जात होते ते शब्द नव्हेत; जात होते ते विजेचे लहानमोठे ठोके. पलीकडच्या कचेरीत यंत्राची पट्टी ‘कट्ट, कट्ट’ असा आवाज करी, आणि समोर बसलेला तारबाबू तो कानाने ऐकून त्याची अक्षरे कागदावर उतरवी. तार उत्तम, यंत्र उत्तम, पण तारबाबू जागेवर नाही, अशी कल्पना करावी. ठोके येतच राहतील, पण त्यांचा निरोप होणार नाही. तारबाबू हा यंत्र व मनुष्य यांमधील दुभाषी होता.

त्या काळच्या तंत्रज्ञांपुढचा खरा कठीण प्रश्न दोष शोधण्याचा होता. रानावनांतून शेकडो मैल गेलेली तार कोठेतरी जमिनीस टेकली, तर ते ठिकाण सापडावे कसे? प्रत्येक खांब पाहत जाण्यास दिवस लागतील. त्यावर निघालेला उपाय मोठा चतुर होता. शेजारची एखादी धड तार घ्यावयाची, पलीकडच्या टोकाशी ती सदोष तारेस जोडावयाची, आणि कचेरीत बसूनच या वळशाच्या दोन्ही बाजूंचा विद्युत्‌विरोध तोलावयाचा. समजा, प्रत्येक तार पन्नास मैलांची, म्हणजे सारा वळसा शंभर मैलांचा आहे, आणि तोल एकास चार या प्रमाणात साधला. तर सदोष तारेवर वीस मैलांवर दोष आहे, असे खुर्चीवरून न उठता सांगता येई. मरे यांच्या नावाने ओळखली जाणारी ही वळसा-चाचणी तारखात्यातील पिढ्यांनी गिरविली.

१९४२ मध्ये जबलपुरास दूरसंचाराचे प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले; तेच पुढे डॉ. आंबेडकरांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. दूरसंचार सामग्री बनविणारा कारखाना व लष्कराच्या सिग्नल दलाचे प्रशिक्षण केंद्रही याच शहरात. तारेपासून दूरध्वनीकडे व तेथून संगणकाकडे हे खाते वळले, तसतसे शिकावयाचे यंत्र बदलत गेले. जुलै २०१३ मध्ये तर तारसेवाच इतिहासजमा झाली. पण तारेच्या शाळेत लागलेली शिस्त वाया गेली काय? संगणकांच्या जाळ्याचा इतिहास पाहिला म्हणजे उत्तर मिळते.

२२ मे १९७३ रोजी अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेत रॉबर्ट मेटकाफ यांनी एक टिपण लिहिले. एकाच तारेवर अनेक संगणकांनी पाळीपाळीने बोलावे, आणि दोघे एकदम बोलू लागल्यास दोघांनीही थांबून थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा, अशी ती योजना होती. तिचे नाव इथरनेट. १९८० मध्ये तीन कंपन्यांनी मिळून तिचे नियम प्रसिद्ध केले. जबलपूरच्या साडेपाच फुटांसारखाच हा करार होता. संगणकास या तारेशी जोडणारी जी पट्टी, ती नेटवर्क कार्ड. प्रत्येक कार्डास अठ्ठेचाळीस अंशांचा क्रमांक दिला गेला. त्याचा पूर्वार्ध कारखानदाराचा, उत्तरार्ध त्या एका कार्डाचा.

परंतु कार्डे शेकडो कारखान्यांची, प्रत्येकाची अंतर्रचना निराळी. संगणकाच्या मुख्य कार्यप्रणालीस ती सारी ठाऊक असावी कशी? म्हणून प्रत्येक कार्डाबरोबर एक छोटी आज्ञावली येऊ लागली. तिला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. नाव सारथ्याचे असले तरी काम तारबाबूचेच आहे. कार्यप्रणालीची सर्वसाधारण आज्ञा ती त्या विशिष्ट कार्डाच्या भाषेत सांगते, आणि कार्डाकडून आलेले ठोके प्रणालीस समजतील असे करते. ती नसली, जुनी झाली किंवा दुसऱ्याच कार्डाची निघाली, तर निर्दोष कार्डही मुके होते. आरंभी तर कार्डावरील बारीक खुंट्या हाताने बसवून त्याचा क्रमांक ठरवावा लागे. दोन कार्डांनी एकच क्रमांक घेतला की भांडण ठरलेले. १९९५ नंतर ही व्यवस्था संगणक स्वतःच करू लागले.

आता दोषशोधनाकडे वळावे. घरातला संगणक जाळ्याशी बोलेनासा झाला की मनुष्य सर्वांत आधी यंत्रास दोष देतो आणि नवे विकत घेण्याच्या गोष्टी करतो. तारखात्याची रीत याहून शहाणी होती: एका टोकापासून निघावे आणि प्रत्येक सांध्यावर थांबून पाहावे. प्रथम तार नीट बसली आहे काय व कार्डाजवळचा दिवा लागतो काय, हे पाहावे. मग संगणकाच्या उपकरणसूचीत कार्डाचे नाव येते काय, ते तपासावे. नाव मुळीच नसेल तर दोष बहुधा कार्डात किंवा त्याच्या बैठकीत. नाव आहे पण शेजारी इशाऱ्याची खूण आहे, तर बहुधा दुभाषीच बिघडला आहे. अशा वेळी निर्मात्याचा ड्रायव्हर नव्याने बसवावा. आणि नुकताच बदल करूनच बिघाड झाला असेल, तर पूर्वीचा परत आणावा. मात्र जाळे बंद असता तो जाळ्यावरून आणावा कसा? पेटीची किल्ली पेटीतच राहावी, तसा हा प्रसंग. म्हणून दुसऱ्या संगणकावरून तो आणावा लागतो. शहाणा मनुष्य तो आधीच जवळ बाळगतो.

पुढची पायरी पाहिली तर जुन्या तारबाबूसही ती ओळखीची वाटावी. १२७.०.०.१ या पत्त्यावर पाठविलेला निरोप संगणकाबाहेर न जाता वळसा घेऊन स्वतःकडेच परत येतो. तो आला, तर प्रणालीतील संभाषणाची व्यवस्था ठीक आहे, एवढे सिद्ध होते. कार्ड व तार यांची परीक्षा अजून उरते. त्यानंतर घरातल्या राउटरला हाक द्यावी आणि मग बाहेरच्या जगास. ही हाक देणारी ‘पिंग’ नावाची आज्ञावली माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिली, तीही जाळ्यातला एक बिघाड शोधण्याकरिताच. संगणकाने १६९.२५४ ने आरंभ होणारा पत्ता स्वतःच धारण केला असेल, तर पत्ता देणाऱ्याकडून त्यास उत्तर मिळालेले नाही, असे समजावे. कार्ड बदलण्याची घाई तेथे व्यर्थ होय.

अज्ञानाची किंमत मोठी असते. दोष कोठे आहे हे ज्यास कळत नाही, तो तार तुटली असता यंत्र मोडीत काढतो आणि दुभाषी बदलावयाचा सोडून कार्ड फेकून देतो. उलट, सांधे ओळखणारा मनुष्य साध्या साधनांनीही मार्ग काढतो. जबलपुराच्या त्या प्रशिक्षणशाळेत तोल साधताना विद्यार्थ्याने तारेचा विरोध मोजला, तेव्हा संगणकाचे जाळे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. तरी त्याने जी सवय अंगी बाणविली, तीच आज उपयोगी पडते: निकाल देण्यापूर्वी वळसा पुरा करून पाहावा.