उष्णकटिबंधीय वनांतील माइट

कोळी आणि विंचू यांच्या नात्यातले, अष्टपाद वर्गातले अतिसूक्ष्म संधिपाद प्राणी. गुरांच्या अंगावरची गोचीड, खरूज उत्पन्न करणारा जीव, पहिल्या पावसात दिसणारा मखमली मृगाचा किडा आणि पिकांवरचा ‘लाल कोळी’ हे सारे माइटच. बहुतेकांची लांबी ०.१ ते १ मिमी असते. प्रौढाला पायांच्या चार जोड्या असतात, अळीला तीन. आजवर सुमारे ५५,००० जातींचे वर्णन झाले आहे. प्रत्यक्षातली संख्या पाच ते दहा लाखांच्या दरम्यान असावी असे अंदाज आहेत आणि नाव न मिळालेल्या जातींचा मोठा वाटा उष्णकटिबंधीय वनांत असावा असे मानले जाते. माइटांच्या दोन मोठ्या शाखा आहेत, पॅरासिटिफॉर्मीस आणि अ‍ॅकॅरिफॉर्मीस. त्या खरोखर एकाच पूर्वजापासून निघाल्या का, यावर अजून वाद आहे.

जमिनीतले माइट : वनाच्या पालापाचोळ्यात ओरिबॅटिडा हा गट प्रमुख असतो. हे माइट कडक कवचाचे, सावकाश वाढणारे आणि कमी अंडी घालणारे. कुजती पाने व बुरशी हे त्यांचे अन्न. उत्तरेकडच्या सूचिपर्णी वनांत जमिनीच्या एका चौरस मीटरमध्ये ते लाखांच्या संख्येने सापडतात. उष्णकटिबंधीय वर्षावनात मात्र हा आकडा बहुधा हजारांतच राहतो. ऊब आणि ओलाव्यामुळे तिथे पान पडले की लवकर कुजते, पाचोळ्याचा जाड थर साचत नाही आणि जो साचतो त्यातलाही काही वाळवी खाते. ओरिबॅटिडांची जगभरची आकडेवारी ताडून पाहणारा एक अभ्यास २००७मध्ये प्रसिद्ध झाला. थंड प्रदेशाकडून उबदार समशीतोष्ण प्रदेशाकडे येताना जातींची संख्या वाढते, पण पुढे विषुववृत्ताकडे जाताना तशी वाढत नाही, असे त्यात दिसले. म्हणून उष्णकटिबंधातल्या माइटांची श्रीमंती केवळ मातीत मोजणे अपुरे ठरते. ती झाडावर आणि इतर प्राण्यांच्या अंगावर शोधावी लागते.

मातीतल्यांची चिवट वृत्ती मात्र उल्लेखनीय आहे. ब्राझीलमध्ये मानाउसच्या परिसरातली नदीकाठची वने दरवर्षी कित्येक महिने पुराच्या पाण्यात बुडालेली असतात. काही प्राणी पुरापूर्वी बुंध्यांवर चढतात. रोस्ट्रोझेटीस या प्रजातीतले माइट मात्र पाण्याखालीच राहतात. त्यांच्या कवचाला हवेचा पातळ थर चिकटून राहतो आणि त्यातून पाण्यातला प्राणवायू त्यांना मिळत राहतो. उष्णकटिबंधात सर्वदूर आढळणाऱ्या आर्केगोझेटीस लाँजिसेटोसस या जातीत माद्या नरांशिवाय प्रजनन करतात. पोर्तो रिकोतून आणलेल्या एका मादीची संतती आज प्रयोगशाळांत अभ्यासासाठी वापरली जाते. सुमारे १ मिमी लांबीचा हा जीव स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ १,१८० पट ओढ सहन करू शकतो, असे मोजमापात आढळले आहे.

वृक्षछत्रातले माइट : उंच फांद्यांच्या बेचक्यांत, ऑर्किड, नेचे आणि शेवाळ यांच्या मुळांशी माती साठते आणि जमिनीपासून कित्येक मीटर वर माइटांची वेगळी वस्ती उभी राहते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या वर्षावनांत डेव्हिड वॉल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामातून असे दिसले की वरच्या पानांवरच्या फार थोड्या जाती खालच्या मातीत सापडतात. हे प्राणी वाऱ्याने खालून वर उडून आलेले पाहुणे नाहीत, ते मूळचे तिथलेच रहिवासी आहेत.

पान आणि माइट यांचा संबंध या विषयातला सर्वांत सुंदर भाग म्हणावा लागेल. अनेक झाडांच्या पानांच्या खालच्या बाजूला, मुख्य शीर आणि उपशिरा जिथे मिळतात त्या कोनात, छोटे खळगे किंवा केसांचे झुबके असतात. त्यांना डोमॅशिया म्हणतात. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ अ‍ॅक्सेल लुंडस्ट्रोम यांनी १८८७मध्ये त्यांचा माइटांशी संबंध जोडला. या खळग्यांत बहुधा शिकारी आणि बुरशीखाऊ माइट राहतात, तिथेच कात टाकतात, अंडी घालतात. मोबदल्यात पानावरची बुरशी आणि पानाचा रस शोषणारे माइट कमी होतात. कूर्गच्या मळ्यातले अरेबिका कॉफीचे पान उलटे धरून भिंगातून पाहिले तर हे खळगे सहज दिसतात. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्म पानांवरही डोमॅशिया मिळाले आहेत. हा शेजार इतका जुना आहे.

प्राण्यांच्या आधाराने राहणारे माइट : पंख नसलेला जीव दुसऱ्याच्या अंगावर बसून प्रवास करतो. अमेरिकेच्या उष्णकटिबंधात काही माइट फुलांत राहून मकरंद आणि पराग खातात आणि फूल कोमेजू लागले की हमिंगबर्डच्या चोचीवरून धावत त्याच्या नाकपुडीत शिरतात. पक्षी फुलापाशी काही सेकंदच थांबतो. तेवढ्यात चढणे किंवा उतरणे साधावे लागते. योग्य फूल ते वासावरून ओळखतात. आपल्याकडेही बागांत लावल्या जाणाऱ्या हमेलियाच्या फुलांवर रॉबर्ट कॉलवेल यांनी केलेल्या प्रयोगांत, हे माइट ४० टक्क्यांपर्यंत मकरंद फस्त करतात असे आढळले.

लष्करी मुंग्यांच्या टोळ्यांबरोबर माइटांच्या कितीतरी जाती फिरतात, आणि त्यांतल्या अनेकींची मुंगीच्या शरीरावरची जागा ठरलेली असते. मॅक्रोकेलीस रेटेनमायरी ही जाती एका लष्करी मुंगीच्या मागच्या पायाच्या टोकालाच चिकटते. मुंग्या एकमेकींना धरून लटकतात तेव्हा ती मुंगी माइटच्या पायांचा नख्यांसारखा उपयोग करते. आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या लाकूड कोरणाऱ्या काही भुंग्यांच्या माद्यांच्या पोटावर तर माइटांसाठी खास कप्पा असतो. त्यात डायनोगॅमॅसस माइट राहतात.

बेडकांची कथा आणखी वेगळी. कोस्टा रिका आणि पनामातल्या लाल विषारी बेडकाच्या त्वचेत सापडणारी बरीच अल्कलॉइडे तो खात असलेल्या ओरिबॅटिड माइटांकडून येतात, हे २००७मध्ये दाखवले गेले. त्या माइटांत सुमारे ८० अल्कलॉइडे मिळाली. असे बेडूक बंदिवासात फळमाश्यांवर वाढवले तर त्यांच्या त्वचेत हे विष तयार होत नाही.

अभ्यासाच्या पद्धती : इटलीच्या अंतोनियो बर्लेसे यांनी १९०५मध्ये नरसाळ्याची युक्ती काढली आणि स्वीडनच्या अल्बर्ट टुलग्रेन यांनी १९१८मध्ये तिला विजेच्या दिव्याची जोड दिली. पाचोळा जाळीवर ठेवून वरून तापवला की कोरड्या उष्णतेपासून पळणारे प्राणी खालच्या अल्कोहोलमध्ये पडतात. झाडांवरच्या प्राण्यांसाठी कीटकनाशकाचा धूर सोडण्याची पद्धत आहे. टेरी अर्विन यांनी पनामात ती वापरली आणि १९८२मध्ये संधिपादांच्या जाती तीन कोटींपर्यंत असाव्यात असा गाजलेला अंदाज मांडला. माइटांच्या बाबतीत ही पद्धत कमी पडते. शेवाळात आणि खळग्यांत घट्ट बसलेले माइट धुराने खाली पडत नाहीत. पाने धुऊन, शेवाळ खरवडून आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक नमुना काचेवर चढवूनच त्यांची ओळख पटते. हे काम कष्टाचे आहे आणि ते करणारे अभ्यासक फार थोडे आहेत. भारतात शेतीचे नुकसान करणाऱ्या माइटांकडे अधिक लक्ष गेले. मातीतल्या ओरिबॅटिडांवर केरळातल्या कालिकत विद्यापीठात दीर्घकाळ काम झाले.

वनतोड आणि माइट : पश्चिम घाटात हा संबंध माणसाच्या जिवावर बेतला आहे. शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूर वनात १९५७मध्ये वानर-माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांत ताप पसरला. हाच ‘माकडताप’. त्याचा विषाणू मुख्यतः हिमॅफिसॅलिस स्पिनिजेरा या रानगोचिडीमार्फत पसरतो. पुढे तो गोव्यातल्या सत्तरीपर्यंत आला आणि २०१६मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात आढळला. जंगल तोडून तिथे गुरे चारली की प्रौढ गोचिडींना रक्ताचा भरपूर पुरवठा होतो आणि त्यांची पैदास वाढते. अखंड सावली, जुना पाचोळा किंवा एखादाच यजमान प्राणी यांवर अवलंबून असलेले माइट त्याच तोडीत नाहीसे होतात, बहुधा नाव मिळण्याआधीच. माकडताप पसरवणाऱ्या गोचिडीची पिल्ले मात्र डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत सर्वाधिक असतात, आणि काजू गोळा करणे, सरपण आणणे ही रानातली कामेही नेमकी तेव्हाच चालतात.